जुनी मोटार फटाके कां वाजविते?

पावसाळा संपून दिवाळी जवळ आली म्हणजे भाईंदरच्या गल्लीबोळांतून फटाक्यांचे आवाज येऊं लागतात. त्या गर्दींत एखादा आवाज जुन्या मोटारीचा असला, तर तो कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु ज्याच्या दारापुढें ती मोटार उभी असते, त्याच्या छातींत मात्र त्या आवाजानें धस्स होतें. कारण त्या एका फटक्यामागून खर्चाचे किती आंकडे येतील, हें त्या गृहस्थास ठाऊक नसतें. आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या घरीं असाच एक प्रसंग कांहीं वर्षांपूर्वीं आला. त्या प्रसंगाच्या निमित्तानें, मोटारीचें इंजिन फटाके कां वाजवितें, तो आवाज कोठून येतो, आणि त्याचें मूळ शोधतांना कोणत्या क्रमानें जावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

त्या मुलाच्या आजोबांजवळ प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार होती. ह्या गाडीचा व मुंबईचा संबंध सर्वांस ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत, इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर, ती तयार होत असे. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट या नांवानें विकली जाऊं लागली, आणि १९७० नंतरच्या दशकांत तिला पद्मिनी हें नांव मिळालें. पुढें कालांतरानें तिचें उत्पादन थांबलें. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें कित्येक वर्षें मुंबईकरांची सेवा केली, आणि टॅक्सीस घालून दिलेली २० वर्षांची मुदत संपल्यामुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटची पद्मिनी टॅक्सीहि रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडे मात्र कांहीं पद्मिनी अद्यापि आहेत, व त्यांची तपासणी होऊन नोंदणीचें नूतनीकरण झालें म्हणजे त्या रस्त्यावर येऊं शकतात.

आजोबांची गाडी भाईंदर पश्चिमेस, मिठागरांकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशीं, उघड्यावर उभी असे. आजींना दर आठवड्यास रुग्णालयांत न्यावें लागे, व त्यासाठींच मुख्यतः ती गाडी राखलेली होती. त्या वर्षीं पावसाळ्यांत ती सकाळीं सुरू होतांना अडखळूं लागली. दिवाळीच्या सुमारास एके दिवशीं आजोबांनीं किल्ली फिरविली, तों पुढें झांकणाखालीं 'फट्' असा आवाज झाला, पाठोपाठ मागील नळींतून त्याहून मोठा बार निघाला, आणि इंजिन कांहीं सुरू झालें नाहीं. पुन्हां किल्ली फिरविली, पुन्हां तोच प्रकार. जवळचा एक मिस्त्री आला. त्यानें आवाज ऐकून सांगितलें कीं, व्हॉल्व्ह जळाले आहेत, इंजिनाचें हेड उतरावें लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून आजोबा गप्प बसले. गाडी भंगारांत द्यावी काय, असा विचार घरांत सुरू झाला. पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं इंजिनाच्या पोटांत काय चालतें, तें पाहूं.

पेट्रोलचें इंजिन ज्या चार क्रियांवर चालतें, त्या प्रत्यक्षांत उतरविण्याचें श्रेय निकोलाउस ओटो या जर्मन यंत्रज्ञास देतात. त्यानें १८७६ सालीं असें इंजिन चालवून दाखविलें. सिलिंडर म्हणजे एक गोल विहीर समजा, आणि पिस्टन म्हणजे त्या विहिरींत खालीं-वर होणारा दट्ट्या. विहिरीच्या माथ्यावर दोन दारें आहेत. त्यांस व्हॉल्व्ह म्हणतात. एका दारानें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येतें, दुसऱ्या दारानें धूर बाहेर जातो. पहिल्या क्रियेंत पिस्टन खालीं जातो व उघड्या पहिल्या दारानें मिश्रण आंत ओढलें जातें. दुसरींत दोन्ही दारें मिटतात व वर येणारा पिस्टन त्या मिश्रणास दाबतो. दाब पुरा होण्याच्या किंचित् आधीं प्लगच्या टोकाशीं ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, आणि तापलेल्या वायूच्या जोरानें पिस्टन खालीं ढकलला जातो. ही तिसरी क्रिया, आणि चारांपैकीं काम करणारी एवढी हीच. चौथींत दुसरें दार उघडतें व पिस्टन धूर बाहेर लोटतो. ह्या चार क्रिया होईपर्यंत इंजिनाच्या मुख्य दांड्याचे दोन फेरे पुरे होतात. पद्मिनीच्या इंजिनांत असे चार सिलिंडर असून त्यांचें मिळून आकारमान १०८९ घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटरहून थोडेंसें अधिक, आहे.

येथें एक गोष्ट मनांत पक्की धरावी. आग लावण्याचा क्षण असा निवडलेला आहे कीं, त्या वेळीं दोन्ही दारें बंद असतात. म्हणून स्फोट आंतल्या आंत होतो, त्याचें बळ चाकाकडे जातें, आणि आपल्या कानावर नुसती घरघर येते. परंतु दार उघडें असतां आग लागली, किंवा दाराबाहेरच आग लागली, तर तें बळ चाकाकडे न जातां आवाज होऊन बाहेर पडतें. इंजिन फटाके वाजवितें याचा अर्थ इतकाच कीं, आग चुकीच्या वेळीं किंवा चुकीच्या जागीं लागली. आणि वेळ साधणें ही सोपी गोष्ट नव्हे. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर सेकंदास १०० ठिणग्या पडाव्या लागतात. प्रत्येक ठिणगी ठरल्या प्लगपाशीं, ठरल्या क्षणीं.

ही कामगिरी जुन्या गाडींत यांत्रिक रीतीनें होते. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून जातो. पॉइंट म्हणून दोन लहान टिकल्या असतात. त्या एकमेकींपासून दूर झाल्या कीं प्रवाह तुटतो, व त्या तुटण्याच्या क्षणींच कॉइलमध्यें कित्येक हजार व्होल्टचा जोर उत्पन्न होतो. हा जोर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपींत येतो, आणि तेथें फिरणारा रोटर तो पाळीपाळीनें चार वायरींस वांटून देतो. पोस्टमन जसा पत्त्याप्रमाणें पत्रें वांटतो, तसाच हा वांटणारा. पत्ता चुकला तर पत्र भलत्याच दारांत पडतें.

आतां आवाज कोठून येतो, तें पाहूं. कारण अर्धें निदान त्यांतच आहे. आवाज दोन जातींचे असतात. एक पुढचा, म्हणजे कार्बुरेटरच्या तोंडांतून येणारा; दुसरा मागचा, म्हणजे सायलेन्सरच्या नळींतून येणारा. सर्वसाधारण लोक दोहोंसहि 'बॅकफायर' म्हणतात, परंतु दोहोंचीं कारणें बहुतांशीं भिन्न आहेत.

पुढचा आवाज प्रथम घेऊं. त्याचें नित्याचें कारण म्हणजे मिश्रण पातळ होणें, म्हणजे हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडणें. एक ग्रॅम पेट्रोल पुरें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून बरीच अधिक झाली, तर मिश्रण ओल्या सरपणाप्रमाणें मंद जळतें. धूर बाहेर जाण्याची वेळ संपून नवें मिश्रण घेण्यास पहिलें दार उघडलें, तरी आंत ज्वाळा शिल्लकच असते. ती येणाऱ्या मिश्रणास पेटविते, आणि आग उलटी कार्बुरेटरकडे धांव घेते. मिश्रण पातळ होण्याचीं कारणें अनेक आहेत: जेटचें बारीक भोंक कचऱ्यानें बुजणें, टाकींत पाणी जाणें, पेट्रोलचा पंप अशक्त होणें, किंवा कार्बुरेटर व इंजिन यांच्या सांध्यांतील गॅस्केट फाटून तेथून फाजील हवा शिरणें. थंड इंजिनास चोक न देतां एकदम वेग दिला, तरी हाच आवाज येतो. याखेरीज, ठिणगी फार लवकर पडणें, व पहिलें दार नीट न मिटणें, हींहि पुढच्या आवाजाचीं कारणें आहेत.

अलीकडे ह्या यादींत आणखी एका कारणाची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकण्यास आरंभ झाला, व २०२५ पर्यंत तें बहुतेक सर्वत्र झालें. इथेनॉलच्या एका ग्रॅमास सुमारें ९ ग्रॅमच हवा पुरते, कारण त्याच्या अंगींच ऑक्सिजन असतो. निव्वळ पेट्रोलच्या हिशेबानें भोंक पाडलेल्या जुन्या जेटांतून हें इंधन पूर्वींच्याच मापानें येतें, आणि मिश्रण कांहीं टक्क्यांनीं पातळ होतें. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे मऊ करून झिजवितें. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या वेळेवर बदलणें व गाडी महिनेच्या महिने टाकीसह पडून न ठेवणें, हें आतां पूर्वींपेक्षां अधिक अगत्याचें झालें आहे.

मागच्या आवाजाचें कारण उलट स्वरूपाचें. येथें मिश्रण सिलिंडरांत न पेटतां तसेंच बाहेर पडतें, सायलेन्सरच्या तापलेल्या नळींत सांचतें, आणि पुढच्या धुराची धग लागतांच तेथें पेटतें. न पेटण्याचीं कारणें पाहूं गेल्यास, प्लग काजळलेला असेल. वायर चिरली असेल. टोपींत दमट हवेचें पाणी बसलें असेल. किंवा पॉइंट जळले असतील. ठिणगी पडते पण उशीरा पडते, असेंहि होतें. पॉइंट उघडणारी लहानशी टांच झिजत जाते, तसें टिकल्यांतील अंतर कमी होतें, त्या उशीरा उघडतात, आणि जळणें संपण्यापूर्वींच धुराचें दार उघडतें. चोक अडकून किंवा कार्बुरेटरचा फ्लोट बिघडून पेट्रोल फाजील येत असेल, तरी न जळलेला भाग नळींत जातोच. मात्र नळींत त्याला पेटण्यास ताजी हवा हवी. आणि ती हवा सायलेन्सरच्या गंजलेल्या भोंकांतून किंवा सैल सांध्यांतून आंत ओढली जाते.

आपल्या भागांत ह्या शेवटच्या कारणाकडे विशेष लक्ष द्यावें. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वसईची खाडी, आणि मध्यें मिठागरें, अशा भूमींत आपण राहतों. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे येथील रहिवाशांस खिडकीच्या गजावर चढणारा गंज दाखवून द्यावयास नको. तोच गंज सायलेन्सरास आंतून व बाहेरून खातो. घोडबंदर रस्त्यानें ठाण्याकडे जातांना गायमुखाच्या उतारावर चालकानें वेग देण्याचें पाऊल उचललें कीं मागून 'फट् फट्' असा आवाज करणारी जुनी गाडी पुष्कळांनीं ऐकली असेल. उतारावर इंजिनास वेग मिळत असतो, परंतु पुरेशी हवा मिळत नसते. म्हणून मिश्रण अर्धवट जळून नळींत जातें, आणि गंजलेल्या भोंकांतून आलेल्या हवेवर तेथें पेटतें. अशा वेळीं इंजिन खोलण्यापूर्वीं नळी तपासावी.

निदानाचा क्रम कसा असावा? नियम एकच, आणि तो सोपा आहे: जें बिनखर्चाचें व हाताजवळचें तें आधीं, जें खर्चाचें व खोल तें शेवटीं, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या उपायानें गुण आला तें कळत नाहीं; बिघडली, तर घोटाळा दुप्पट होतो.

सर्वांत पहिला प्रश्न हत्यारांचा नसून जिभेचा आहे: बिघाड होण्यापूर्वीं गाडीस शेवटचा हात कोणी लावला, आणि कोठें लावला? दुसरा प्रश्न, आवाज केव्हां येतो? थंड असतां, तापल्यावर, चढावर, उतारावर, कीं पावसांतच? दमट सकाळीं येणारा व दुपारीं उन्हांत नाहींसा होणारा आवाज बहुधा विजेच्या ओलीचा असतो. टोपी उतरून कोरड्या फडक्यानें पुसावी, व तिच्या आंत केसासारखी काळी रेघ आहे काय तें पाहावें. त्या रेघेवरून वीज भलतीकडे पळते, आणि पुसून ती रेघ जात नाहीं. टोपीच बदलावी लागते. रात्रीं अंधारांत झांकण उघडून इंजिन चालविलें, तर चिरलेल्या वायरींवरून उडणाऱ्या निळसर ठिणग्या डोळ्यांस दिसतात. त्या दुरूनच पाहाव्या; हात लावूं नये.

त्यानंतर प्लग काढून त्यांचें तोंड पाहावें. वैद्य जशी रोग्याची जीभ पाहतो, तसेंच हें आहे. फिकट तपकिरी रंग असला तर प्रकृति उत्तम. कोरडी काजळी असली तर पेट्रोल फाजील. पांढुरका असला तर मिश्रण पातळ किंवा प्लग अति तापलेला. पेट्रोलनें भिजलेला असला तर तेथें ठिणगीच पडत नाहीं. मग पॉइंट पाहावे. त्यांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् कमी असतें. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो, व तो फीलर गेजनें मोजतात. पॉइंट नवे असूनहि लवकर काळे पडत असतील, तर शेजारचा कंडेन्सर संशयित समजावा. टायमिंग हें टायमिंगच्या दिव्यानें पाहतां येतें. विजेचा भाग निर्दोष ठरला, तर मगच कार्बुरेटर, पेट्रोलचा गाळणा व गॅस्केट यांकडे वळावें. सांध्यांतून हवा शिरते काय हें पाहण्यास रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें सांध्याजवळून हळूहळू फिरवावें; जेथें हवा शिरते तेथें सूं सूं असा आवाज येतो. कांहीं लोक ह्यासाठीं सांध्यावर पेट्रोल शिंपडतात. तें अत्यंत धोक्याचें आहे. कोणीहि करूं नये.

हें सर्व झालें, आणि तरी आवाज राहिला, तर मगच व्हॉल्व्हांकडे यावें. आणि तेथेंहि हेड उतरण्यापूर्वीं दोन परीक्षा आहेत. टॅपेटचें अंतर मोजावें, आणि प्लगच्या जागीं दाबमापक लावून चारहि सिलिंडरांचा दाब पाहावा. व्हॉल्व्ह जळला असेल, तर त्या सिलिंडरचा दाब इतरांहून स्पष्टपणें उतरलेला दिसतो. चारहि जवळजवळ सारखे असतील, तर हेड उतरून हातीं कांहीं लागणार नाहीं.

येथें विद्यार्थ्यांस सावधगिरीच्या चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. इंजिन चालूं असतां किंवा कोणी किल्ली फिरवीत असतां कार्बुरेटरच्या तोंडावर वांकून पाहूं नये. तेथून निघणारी ज्वाळा डोळ्यांपर्यंत येते. एअर फिल्टर काढून गाडी चालवूं नये. तो ज्वाळेस बराच अटकाव करतो. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालूं ठेवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नसतो व तो माणसाचा प्राण घेतो. आणि वडील माणूस जवळ असल्यावांचून मुलांनीं मोटारीचें झांकणहि उघडूं नये.

आतां आजोबांच्या गाडीकडे परत येऊं. मिस्त्री येऊन गेल्यावर चार दिवसांनीं वर्गांत इंजिनाचा पाठ निघाला. चारहि सिलिंडर एकापुढें एक १-२-३-४ असे उभे असले, तरी ठिणगी त्यांस त्या ओळीनें मिळत नाहीं, हें सांगतांना मीं फळ्यावर १-३-४-२ असे आंकडे लिहिले. मुख्य दांड्यावर १ व ४ हे पिस्टन एकत्र वर येतात, २ व ३ हे एकत्र. म्हणून दांड्यावरील भार सारखा वांटला जाण्यासाठीं असा क्रम ठेवितात. पाठ संपला, मुलें बाहेर गेलीं, आणि तो विद्यार्थी मात्र बाकावरच बसून राहिला. जवळ गेलों, तेव्हां तो म्हणाला, "सर, आजोबांच्या गाडीच्या वायरी मींच काढल्या होत्या. गाडी सकाळीं अडखळत होती, म्हणून मीं प्लग साफ केले. लावतांना मला वाटलें, वायरी १-२-३-४ अशाच लावायच्या."

"आजोबांना सांगितलेंस?" मीं विचारलें.

त्यानें मान खालीं घातली.

त्या सायंकाळीं आम्ही दोघे त्यांच्या घरीं गेलों. मुलानें स्वतःच आजोबांस सर्व सांगितलें. आजोबा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "अरे, मग पहिल्याच दिवशीं कां नाहीं बोललास? मी तर गाडी भंगारवाल्यास द्यायला निघालों होतों." झांकण उघडलें. टोपीवर वायरी खरोखरच १-२-३-४ अशा होत्या.

ह्या एका चुकीनें पुढचा व मागचा असे दोन्ही आवाज कसे निघाले, तें पाहण्याजोगें आहे. ३ क्रमांकाच्या सिलिंडरांत मिश्रण दाबून तयार होई, तेव्हां त्याची ठिणगी २ क्रमांकाकडे जाई. हे दोन्ही पिस्टन एकाच वेळीं माथ्यावर असतात. परंतु ३ मध्यें दारें बंद असतांना २ मध्यें धूर जाण्याचें संपून मिश्रण येण्याचें दार उघडत असतें. त्या उघडत्या दारांत ठिणगी पडे, आणि आग कार्बुरेटरांतून बाहेर येई: हा पुढचा आवाज. इकडे ३ मधील न पेटलेलें मिश्रण पिस्टनबरोबर खालीं येई, आणि धुराचें दार उघडल्यावर तेथें ४ क्रमांकाची ठिणगी येऊन पोंचे. आग सायलेन्सरांत जाई: हा मागचा आवाज. ४ मध्येंहि तेंच घडे, कारण त्याच्या वांट्यास २ क्रमांकाची ठिणगी उशीरानें येई. केवळ १ क्रमांकाची ठिणगी आपल्या घरीं जात होती, आणि एकट्याच्या बळावर इंजिन सुरू होणें शक्य नव्हतें. मिस्त्रीचा तर्क अगदींच निराधार होता असें नाहीं. जळलेला व्हॉल्व्ह असेच आवाज काढतो. त्याच्या हातून राहिलें तें इतकेंच कीं, पहिला प्रश्न त्यानें विचारला नाहीं. आणि ज्याच्यापाशीं उत्तर होतें, तो भीतीनें गप्प बसला.

वायरी १-३-४-२ अशा बसविल्या, आजोबांनीं किल्ली फिरविली, आणि इंजिन लागलें. मूळचें अडखळणें मात्र तेथेंच होतें. टोपी पुसून पाहिली, तों आंत काळी रेघ सांपडली. नवी टोपी बसविली, व तेंहि थांबलें. हेड उतरलें नाहीं. गाडी भंगारांत गेली नाहीं. आणि पुढच्या आठवड्यास आजी त्याच गाडींतून रुग्णालयांत गेल्या. त्या मुलानें त्यानंतर चारहि वायरींवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या, आणि प्रत्येकीवर आंकडा लिहिला. हें काम हात लावण्यापूर्वीं करावयाचें असतें, हें आतां त्यास कोणी सांगावें लागत नाहीं.

नव्या मोटारींत पॉइंट नाहींत, कार्बुरेटर नाहीं. संगणक दर क्षणीं हवा मोजतो, इंधन तोलतो व ठिणगीची वेळ ठरवितो. म्हणून हा आवाज आतां क्वचित् ऐकूं येतो. परंतु संगणकाचें निदानहि अखेर त्याच दोन प्रश्नांवर येऊन ठेपतें: आग वेळेवर लागली काय, आणि योग्य जागीं लागली काय? कांहीं तरुण मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून मुद्दाम असे बार काढीत रस्त्यानें जातात. त्यांनीं जाणावें कीं, तो आवाज शौर्याचा नसून, चाकास न लागलेल्या इंधनाचा आहे. आणि असे सायलेन्सर पोलीस जप्त करतात, तें योग्यच आहे.

पालकांस एवढीच विनंति कीं, जुनी गाडी दुरुस्तीस देतांना घाईनें मोठ्या खर्चास होकार देऊं नये. प्लग, वायरी, टोपी, पॉइंट, कार्बुरेटर, दाब या क्रमानें काय काय पाहिलें, हें मिस्त्रीस शांतपणें विचारावें. चांगला मिस्त्री अशा प्रश्नानें रागावत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, यंत्रास हात लावून चूक होणें हा कांहीं अपराध नव्हे. शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ती होते. परंतु ती चूक चार दिवस पोटांत ठेविली, म्हणजे तिचा खर्च दुसऱ्यास भरावा लागतो.